फेटाळलेल्या दाव्यांची निकालपत्रं वाचा

प्रश्न असा आहे: हवामान बदलावरून जगभर एवढे खटले होतात, त्यातले गाजलेले बरेच वरच्या कोर्टात जाऊन फेटाळले जातात. मग कंपन्यांनी आणि सरकारांनी धास्ती घ्यावी असं त्यात काय आहे? कायदेशीर धोका खरंच आहे का, आणि असला तर नेमका कुठे?

गेली वीसेक वर्षं मी पर्यावरण आणि कंपनी कायद्याच्या कामात आहे. कधी तक्रारदारांच्या बाजूने उभा राहिलो, कधी कंपन्यांना सल्ला दिला. माझं उत्तर सरळ आहे. धोका आहे, आणि तो वाढतोय. पण लोक तो भरपाईच्या आकड्यात शोधतात, आणि तिथे तो आज फारसा सापडत नाही. तो सापडतो दोन ठिकाणी: दावा फेटाळताना कोर्टाने जाता जाता मान्य केलेल्या तत्त्वात, आणि प्रतिवादीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या कागदांत.

२०२४ अखेरपर्यंत सुमारे ६० देशांत मिळून जवळपास ३,००० हवामान खटल्यांची नोंद झाली होती. त्यातले साधारण दोन तृतीयांश एकट्या अमेरिकेतले. या संख्येला मी फार महत्त्व देत नाही, कारण तिच्यात एखाद्या परवान्यावरची किरकोळ हरकतही मोजली जाते आणि देशाचं धोरण हलवणारा निकालही. एकच खटला नीट पाहिला तर जास्त कळतं.

पेरू देशात अँडीज पर्वताच्या कुशीत उआरास नावाचं शहर आहे. त्याच्या वर, साडेचार हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, पालकाकोचा नावाचं हिमनदीच्या पाण्याचं सरोवर आहे. १९४१ मध्ये या सरोवराचा बांध फुटला आणि पुरात सुमारे १,८०० माणसं गेली. हिमनदी वितळत गेली तसं सरोवर पुन्हा भरत गेलं. खाली शहरात घर असलेल्या साउल लुसियानो लिउया या शेतकऱ्याने नोव्हेंबर २०१५ मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या कोर्टात आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला. या कंपनीची पेरूमध्ये एकही भट्टी नाही. मागणीही अवाढव्य नव्हती. औद्योगिक काळापासून जगात झालेल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात कंपनीचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, तेव्हा संरक्षक कामांच्या खर्चाचा तेवढाच हिस्सा, म्हणजे सुमारे १७,००० युरो, तिने द्यावा एवढंच म्हणणं होतं. दाव्याला आधार होता जर्मन दिवाणी संहितेतल्या कलम १००४ चा. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं तुमच्या आवारात घुसली तर ज्या कलमाखाली दाद मागतात, तेच हे कलम.

एसेनच्या कोर्टाने दावा २०१६ मध्ये काढून टाकला. हाम इथल्या वरिष्ठ कोर्टाने मात्र २०१७ मध्ये तो पुराव्यासाठी खुला केला. मे २०२२ मध्ये न्यायाधीश आणि तज्ज्ञ प्रत्यक्ष पेरूला गेले, सरोवर पाहिलं, घर पाहिलं. २८ मे २०२५ रोजी निकाल लागला आणि दावा फेटाळला गेला. कारण एवढंच, की पुढच्या ३० वर्षांत पुराचं पाणी त्या घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता तज्ज्ञांनी सुमारे एक टक्का धरली आणि कोर्टाला ती पुरेशी वाटली नाही.

बातम्यांत एवढंच आलं: शेतकरी हरला. पण निकालपत्रात त्याआधी काय म्हटलंय ते पाहा. मोठा उत्सर्जक दिवाणी कायद्याखाली जबाबदार ठरू शकतो. वीजकेंद्र आणि घर यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे, म्हणून दावा आपोआप पडत नाही. उत्सर्जन त्या काळी परवान्याने, कायदेशीर होतं, ही ढालही इथे चालत नाही. आरडब्ल्यूईने ज्या ज्या मुद्द्यांवर दाव्याला दारातच अडवायचा प्रयत्न केला होता, ते मुद्दे कोर्टाने एकेक करून बाजूला सारले. उरला फक्त वस्तुस्थितीचा प्रश्न, म्हणजे हे एक घर खरंच पुराच्या वाटेत आहे का. दुसऱ्या कुणाचं घर असेल. एखाद्या कंपनीने मला धोक्याचं मूल्यमापन करायला सांगितलं, तर हा निकाल मी ‘विजय’ या रकान्यात लिहिणार नाही.

शेलच्या खटल्यातही तेच. मे २०२१ मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने शेलला २०३० पर्यंत उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, आणि त्यात ग्राहकांनी जाळलेल्या तेलावायूचं उत्सर्जनही धरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलात हा हुकूम रद्द झाला. एका विशिष्ट कंपनीला लागू करता येईल असा ठरावीक टक्का विज्ञानातून निघत नाही, असं अपील कोर्टाचं म्हणणं. मात्र हवामानाच्या बाबतीत काळजी घेण्याचं कर्तव्य शेलवर आहे, आणि तेल-वायूच्या नव्या क्षेत्रांतली गुंतवणूक त्या कर्तव्याशी विसंगत ठरू शकते, हेही त्याच कोर्टाने म्हटलं. टक्का गेला, कर्तव्य राहिलं.

आता दुसऱ्या ठिकाणाकडे, कागदांकडे.

पाकिस्तानात २०१५ मध्ये असगर लेघारी या शेतकऱ्याने लाहोर उच्च न्यायालयात याचिका केली. त्याने सरकारकडे नवं काहीच मागितलं नव्हतं. २०१२ चं राष्ट्रीय हवामान धोरण आणि त्याच्या अंमलबजावणीचा आराखडा सरकारनेच तयार केला होता, आणि तो धूळ खात पडला होता. न्यायमूर्ती मन्सूर अली शाह यांनी अधिकाऱ्यांना बोलावून विचारलं की यातलं काय केलं. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी देखरेखीसाठी आयोग नेमला. माझ्या मते जगातल्या हवामान खटल्यांत सर्वांत शिकण्यासारखी याचिका हीच, कारण तिच्यात परदेशी तज्ज्ञ नाहीत की किचकट गणित नाही. सरकारचा कागद सरकारसमोर ठेवला, एवढंच.

त्याच वर्षी हेगमध्ये उर्जेंडा या संस्थेने आणि ८८६ नागरिकांनी डच सरकारविरुद्ध निकाल मिळवला. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला: १९९० च्या तुलनेत २०२० अखेर उत्सर्जनात किमान २५ टक्के घट. तिथेही सरकारचा घात त्याच्याच भूमिकेने केला. डच सरकारने आधी ३० टक्क्यांचं उद्दिष्ट धरलं होतं, मग ते खाली आणलं, आणि ते का खाली आणलं हे कोर्टात त्याला पटवून देता आलं नाही. आम्सटरडॅमचं हेमवेख कोळसा वीजकेंद्र ठरल्यापेक्षा काही वर्षं आधी बंद झालं, ते या निकालाच्या रेट्यात.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सरकारचाच कायदा उलगडून पाहिला. उत्सर्जन घटवण्याचे २०३० पर्यंतचे आकडे होते, त्यापुढचे पुरेसे नव्हते. म्हणजे आजची पिढी सैल वागणार आणि उद्याच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर सगळा भार येणार. काही महिन्यांत कायदा बदलला: २०३० चं उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्के झालं, आणि कार्बन तटस्थतेचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण होण्याचं, वर्ष २०५० वरून २०४५ वर आलं. दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये जवळपास हाच दोष दाखवला. तिथे २०३१ ते २०४९ साठी आकडाच नव्हता. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी हवामानाबाबत पुरेसं न केल्याबद्दल स्वित्झर्लंडला दोषी धरलं ते ज्येष्ठ महिलांच्या संघटनेच्या अर्जावर. तिथे एक बारकावा वकिलांनी विसरू नये. संघटनेचा अर्ज मान्य झाला, पण सोबतच्या चार महिलांचे वैयक्तिक अर्ज दाखलच करून घेतले नाहीत. पोर्तुगालच्या तरुणांचा ३० हून जास्त देशांविरुद्धचा अर्जही त्याच दिवशी दारातून परत गेला, कारण त्यांनी आधी स्वतःच्या देशातली कोर्टं गाठली नव्हती, आणि बाकीच्या देशांच्या अधिकारक्षेत्रात ते येत नव्हते. दाद कुणी मागायची आणि कुठे मागायची, हे युरोपात आता बरंच स्पष्ट झालंय.

अमेरिकेतल्या माँटाना राज्यात १६ मुलं आणि तरुणांनी राज्यघटनेतल्या ‘स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरण’ या शब्दांवर खटला जिंकला. ऑगस्ट २०२३ चा तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. उलट ज्युलियाना या गाजलेल्या खटल्यात २१ तरुणांनी २०१५ पासून संघीय सरकारशी झुंज दिली, आणि २०२५ मध्ये तो पुराव्यापर्यंत न पोहोचताच संपला. त्या मुलांनी दहा वर्षं घालवली आणि त्यांना एकदाही साक्षीला उभं राहता आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माँटानाच्या घटनेत पर्यावरणाच्या हक्काचं वाक्य होतं, संघराज्याच्या घटनेत नव्हतं. मोठा फरक तोच पडला.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यांत झटकन बसणारा फटका भरपाईचा नसतो, परवान्याचा असतो. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरे परगण्यातल्या एका तेलविहिरीची परवानगी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. पर्यावरण परिणाम अहवालात विहीर खणताना होणारं उत्सर्जन मोजलं होतं, पण बाहेर काढलेलं तेल जाळल्यावर होणारं उत्सर्जन नव्हतं. न्यायालय म्हणालं, तेल काढलं की ते जळणारच, मग तो या प्रकल्पाचाच परिणाम आहे. या एका वाक्यावर सहा-सात महिन्यांत कंबरियातल्या नियोजित कोळसा खाणीची परवानगी गेली, आणि उत्तर समुद्रातल्या रोझबँक आणि जॅकडॉ या मोठ्या क्षेत्रांची मंजुरीही बेकायदा ठरली. कुणालाही एक पैसा भरपाई द्यावी लागली नाही. पण ज्या प्रकल्पात पैसा ओतून झालाय, त्याची परवानगी अर्ध्यात उडणं म्हणजे काय, हे कर्ज देणाऱ्या बँकेला विचारा.

कंपन्यांसाठी आजचा सर्वांत जवळचा धोका जाहिरातीत आणि वार्षिक अहवालात आहे. मार्च २०२४ मध्ये आम्सटरडॅमच्या न्यायालयाने केएलएम विमान कंपनीची १९ विधानं तपासली आणि त्यातली १५ दिशाभूल करणारी ठरवली. आपण ‘अधिक शाश्वत भविष्याकडे’ चाललो आहोत असा सूर, आणि झाडं लावून तिकिटाचं उत्सर्जन भरून निघतं असा भास. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने गोळ्या-मिठाई बनवणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीतला ‘हवामान तटस्थ’ हा शब्द धरला. उत्सर्जन कमी केलं की दुसरीकडे भरपाई केली, हे त्या शब्दातून कळत नाही. खुलासा क्यूआर कोडच्या मागे लपवून चालणार नाही, तो जाहिरातीतच हवा, असं न्यायालयाने ठरवलं. युरोपीय संघाच्या नव्या ग्राहक निर्देशानुसार सप्टेंबर २०२६ पासून, केवळ कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन कपातीची प्रमाणपत्रं, विकत घेऊन एखादी वस्तू ‘तटस्थ’ म्हणून विकणंच निषिद्ध आहे.

इथे माझा एक अनुभव सांगतो. एका कंपनीचा अहवाल छापायला जाण्याआधी माझ्याकडे आला. त्यात ठळक अक्षरांत होतं: ‘आम्ही २०४० पर्यंत निव्वळ शून्य होणार.’ मी विचारलं, याच्या मागचा हिशेब दाखवा. चार दिवसांनी सादरीकरणाची एकच स्लाइड आली. तिच्यातली निम्म्याहून जास्त घट ‘भविष्यातील तंत्रज्ञान’ या एका रकान्यात होती, आणि त्या रकान्याला ना वर्ष होतं ना खर्च. त्याहून गंभीर म्हणजे सोबत चुकून जोडली गेलेली एक ईमेल साखळी. तिच्यात प्रकल्प अभियंत्याने स्वच्छ लिहिलं होतं, ‘या आकड्याला आमच्या विभागाचा आधार नाही, कृपया आमचं नाव घालू नये.’ मी ते पान टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणालो की समोरच्या वकिलाला हे एक पान पुरे आहे. वाक्य बदललं. त्याहून महत्त्वाचं, त्या अभियंत्याला बैठकीला बोलावलं. नंतर अहवालात जे गेलं ते कमी देखणं होतं: कोणत्या भट्ट्या कधी बदलणार, त्याला किती खर्च, आणि कोणत्या भागाचं उत्तर आज आमच्याकडे नाही. असं वाक्य कोर्टात टिकतं.

अमेरिकेत राज्यं आणि शहरं तेल कंपन्यांविरुद्ध जे दावे लढवताहेत, त्यांचा गाभाही हाच आहे. हवाईतल्या होनोलुलू शहराचा २०२० चा दावा वाचा. तुम्ही उत्सर्जन केलंत म्हणून पैसे द्या, असं त्यात म्हटलेलंच नाही. तुम्हाला धोका माहीत होता आणि तुम्ही लोकांना उलटं सांगितलंत, असा आरोप आहे. तंबाखू कंपन्यांविरुद्ध जी वाट चालली होती तीच ही वाट. एक्झॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज किती अचूक निघाले, हे २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या संशोधनाने दाखवून दिल्यावर या आरोपाला धार आली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने होनोलुलूचा दावा अडवण्याची कंपन्यांची विनंती ऐकायला नकार दिला. हे दावे कुठवर जातील याबद्दल तिथल्या वकिलांत तीव्र मतभेद आहेत. मला यातला खरा धोका निकालाआधीच्या टप्प्यात दिसतो. कागदपत्रं उघड करण्याचा हुकूम झाला की चाळीस वर्षांची कपाटं उघडतात, आणि त्यांतून काय निघेल हे कंपनीच्या आजच्या संचालकांनाही ठाऊक नसतं.

संचालकांवरचा वैयक्तिक धोका मात्र आज फुगवून सांगितला जातो, असं माझं मत आहे. क्लायंटअर्थ या संस्थेने थोडेसे शेअर घेऊन शेलच्या संचालकांवर लंडनमध्ये दावा लावला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो पहिल्याच पायरीवर थांबवला: धंद्याचे निर्णय संचालकांनी घ्यायचे, त्यांच्या जागी कोर्ट बसणार नाही. सरकारविरुद्धचे दावेही असे पडतात: ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांना २०२१ मध्ये मिळालेला निकाल २०२२ मध्ये उलटला, आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांचा दावा जुलै २०२५ मध्ये फेटाळला गेला. घाईने लावलेला दावा पुढच्या वादींची वाट अरुंद करतो, हेही तक्रारदारांना सल्ला देताना मी स्पष्ट सांगतो.

आणि एक बाजू बहुतेक लेखांतून सुटते. दावे उलट दिशेनेही येतात. इटलीने किनाऱ्याजवळ तेल काढायला बंदी केली, तर रॉकहॉपर या तेल कंपनीने ऊर्जा क्षेत्रातल्या परदेशी गुंतवणूकदारांना संरक्षण देणाऱ्या ऊर्जा सनद करारावर बोट ठेवून २०२२ मध्ये लवादाकडून १९ कोटी युरोंचा निवाडा मिळवला. तो २०२५ मध्ये रद्द झाला, पण तोवर किती सरकारांनी हात आखडता घेतला असेल ते मोजता येत नाही. निवृत्तिवेतन निधींचं तर दोन्हीकडून. हवामानाच्या धोक्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका २३ वर्षांच्या सदस्याने रेस्ट या निधीवर २०१८ मध्ये दावा लावला, आणि २०२० मध्ये निधीने धोरण बदलून तडजोड केली. दुसरीकडे टेक्सासमध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने अमेरिकन एअरलाइन्सला दोष दिला, कारण कर्मचाऱ्यांचा निवृत्तीचा पैसा सांभाळणाऱ्याला पर्यावरणाचा अजेंडा पुढे रेटू दिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ च्या आदेशात राज्यघटनेच्या कलम १४ (समता) आणि २१ (जीवनाचा हक्क) मधून हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क काढला, तोही माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात. तिथे हा नवा हक्क सौरऊर्जेच्या वीजवाहिन्यांच्या बाजूने तोलला गेला आणि माळढोकच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आधीचा आदेश सैल झाला. हक्क एकदा जन्माला आला की तो कोणाच्या हाती जाईल, हे आधी सांगता येत नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी दिलेलं सल्लागार मत या सगळ्यावर बसतं. त्याची सुरुवात पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली, वानुआतूने ते संयुक्त राष्ट्रांत नेलं, आणि १५ न्यायाधीशांनी ते एकमताने दिलं. ते बंधनकारक नाही, हे खरं. पण जीवाश्म इंधनांचे परवाने, अनुदानं आणि खाजगी कंपन्यांवरच्या नियंत्रणातली ढिलाई ही राज्याची आंतरराष्ट्रीय चूक ठरू शकते, असं त्यात लिहिलंय. देशोदेशीचे वकील आता हा परिच्छेद आपापल्या याचिकांत लावणार.

तुम्ही कंपनीच्या बाजूने हा प्रश्न विचारत असाल, तर आजच करण्यासारखं एक काम सांगतो. ते फारसं कुणी करत नाही. तुमच्या दायित्व विम्याच्या, म्हणजे दुसऱ्याने तुमच्यावर लावलेल्या दाव्याचा खर्च उचलणाऱ्या विम्याच्या, पॉलिसी काढा, अगदी १९८० च्या दशकातल्या जुन्या असतील तर त्याही. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अलोहा पेट्रोलियम या इंधन विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात ठरवलं की हरितगृह वायू हे पॉलिसीच्या अर्थाने ‘प्रदूषक’ आहेत. म्हणजे पॉलिसीत प्रदूषण वगळणारं कलम असेल, तर हवामान दाव्याचा बचाव करण्याचा खर्चसुद्धा विमा कंपनी नाकारू शकते. हे खटले दहा-दहा वर्षं चालतात आणि वकिलांची बिलं निकालाची वाट पाहत नाहीत. त्या पॉलिसीत प्रदूषकाची व्याख्या कोणत्या पानावर आहे, आणि वगळणाऱ्या कलमाला अपवाद दिलाय का, हे दाव्याची नोटीस यायच्या आधी शोधून ठेवा.